निबिमाचा कडूपणा कुठे गेला

१

मंगळवारी बाटलीत औषध होतं. शुक्रवारी नव्हतं. बाटली तीच, लाखेचं सील तेच, सीलवरचा राजवाड्याचा ठसाही तोच. आतलं पाणीसुद्धा थेंबभर कमी झालेलं नव्हतं. ज्याच्यासाठी आमच्या प्रयोगशाळेने एवढा खटाटोप मांडला होता, ते निबिमाच्या मुळातलं कडू द्रव्य तेवढं नाहीसं झालं होतं.

उपसंचालक डॉ. ओबिरींनी यंत्रातून निघालेला आलेख टेबलावर पसरला. जिथे उंच सुळका यायचा तिथे सपाट रेघ होती. सरकारी कागदावर इतकी निर्दोष रेघ मी प्रथमच पाहत होतो.

"एनो, हिवतापाचं औषध म्हणून तुम्ही जे दिलंत ना, त्यात औषध नाही," ते म्हणाले.

एनो बोआचेवा ही आमच्या क्वाहूच्या डोंगरावरची सगळ्यांत नावाजलेली वैदू. निबिमाचा काढा देऊन तिने अर्ध्या गावाचा ताप उतरवलाय. उरलेल्या अर्ध्या गावाला तिने तोंडावर सुनावलंय, आणि त्याचाही गुण येतो असं म्हणतात.

"आधीच्या तपासण्यांत होतं की," ती म्हणाली.

"होतं. भरपूर होतं. म्हणून तर हा शेवटचा नमुना सगळ्यांसमक्ष घेतला. आणि शेवटच्याच वेळी तुम्ही हे केलंत."

"मी काय केलं?"

"ते तुम्हीच राणीमातेला सांगा. सोमवारी दरबार आहे."

एनोने उरलेला गाळीव काढा मागितला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. डॉ. ओबिरी घड्याळ बघत होते.

"प्रेकेसेच्या शेंगेचा वास आहे. ती शेंग मी घातली होती. माझाच काढा आहे हा," ती म्हणाली. "पण कडू नाही. माझ्या भांड्यातून कुणीतरी कडूपणा तेवढा उचलून नेलाय."

"कडूपणा कुणी उचलून नेत नाही, एनो."

"मग तू सांग, कुठे गेला. तू शिकलेला आहेस."

सोमवारी दरबारात ती लबाड ठरली असती, तर दंडाची मेंढी द्यावी लागली असती. ते चालून गेलं असतं. पण मग तिच्या दारात तापाचं एकही पोर कुणी आणलं नसतं. या वयात वैदूचं नाव गेलं की मागे नुसती काही भांडी उरतात.

संध्याकाळी राजवाड्यातून निरोप आला. राणीमातेने चौकशीसाठी माणूस नेमला होता. नाव ऐकून डॉ. ओबिरींनी हातातला पेन खाली ठेवला आणि टाय सरळ केला.

रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, एसिलफीबाई. डोंगरावरचा प्रत्येक शिकलेला माणूस त्यांच्या हातचा मार खाऊनच शिकला होता.

२

एसिलफीबाई मूळच्या किनाऱ्यावरच्या, फांते जमातीच्या. आमच्या डोंगरावर त्यांचं आयुष्य गेलं, तरी आमच्याकडची आंबवलेल्या मक्याची केंकी अजून त्यांना केंकी वाटत नाही. आल्या आल्या त्यांनी माझी खुर्ची घेतली.

"तू कोण रे?"

"बाई, मी इथला प्रशासन अधिकारी."

"म्हणजे काय करतोस?"

"जे काम कुणाचंच नसतं ते."

"नमुने ठेवता त्या फ्रीजची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग तुझ्यावर संशय आहे. बस. पाय हलवू नकोस."

संशयित असूनही त्यांनी मला बरोबर घेतलं. दुसऱ्या कुणाकडे गाडी नव्हती.

पहिला एनोचा भाचा, ओपुनी. बहिणीचा मुलगा, म्हणजे तिची विद्या, भांडी आणि भांडणं यांचा वारस. मंगळवारी काढ्याचं भांडं डोक्यावर घेऊन प्रयोगशाळेत तोच आला होता. त्याच्या अंगणात मुळं वाळत घातलेली होती आणि दाराशी नवीकोरी मोटारसायकल उभी होती.

"मोटारसायकल कुणी दिली?" बाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"क्वान्सासाहेबांनी. वापरायला."

क्वान्सा म्हणजे ताकदीच्या काढ्याच्या बाटल्या विकणारा कारखानदार. त्याच्या गाडीवरचा कर्णा बाजारातल्या बकऱ्यांनाही पाठ झालाय.

"मावशीचं औषध विकायचं ठरवलंयस तू त्याला."

ओपुनीने नजर खाली घातली. "मावशीला सांगणार होतो, बाई. तपासणी पास झाली की मग."

"आणि झालीच नाही."

"मग मला काय मिळालं सांगा ना. क्वान्सासाहेब खोटं ठरलेलं औषध विकत घेणार आहेत का? कालपासून दोनदा मोटारसायकल परत मागितलीय त्यांनी. आणि मावशी माझ्याशी बोलत नाही. शिव्यासुद्धा देत नाही, बाई. हे कधी झालं नव्हतं."

बाईंनी वाळणारं एक मूळ उचललं, दाताखाली धरलं आणि असा चेहरा केला की मला शाळा आठवली.

"हे कडू आहे," त्या म्हणाल्या. "भांड्यात हेच घातलं होतंस?"

"हेच. मावशी समोर होती. तिच्या समोर दुसरं काही घालून जिवंत राहता येत नाही."

परत गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "म्हणजे क्वान्सा."

"का?"

मी सांगावं की नाही या विचारात पडलो. मग सांगितलं. मंगळवारी आमच्याकडच्या नमुन्याच्या बाटल्या संपल्या होत्या. नवीन मागवायला मी मंजुरी दिली नव्हती. क्वाहूचा माणूस फुकट मिळणारी वस्तू विकत घेत नाही. त्या दिवशीची तपकिरी बाटली मी क्वान्साच्या कारखान्यातून मागून आणली होती.

३

क्वान्साने बाईंना पाहून कर्णा बंद करवला. बाजार क्षणभर गोंधळला.

"बाई, तुम्ही किनाऱ्यावरच्या, माझ्या गावच्या. तुम्ही तरी माझ्यावर आळ घेऊ नका."

"गावचा आहेस म्हणूनच स्वतः आले. बाटलीत काय घातलं होतंस?"

"हवा. रिकामी बाटली दिली मी. तीही या गृहस्थांनी मागितली म्हणून. हे क्वाहूचे लोक, बाई, स्वतःच्या बारशालासुद्धा पाव्हण्याकडून पाणी मागतील."

मी छताकडे पाहिलं.

"एनो लबाड ठरली तर तुझा काढा जास्त खपेल," बाई म्हणाल्या.

क्वान्साने आम्हाला मागच्या वखारीत नेलं. तिथे भिंतीला टेकून रंगवलेले मोठमोठे फलक उभे होते. प्रत्येकावर एनोचा चेहरा. रंगाऱ्याने तिला हसताना दाखवलं होतं. त्यानं तिला कधी पाहिलं नसावं.

"राज्यभर लावायचे होते," क्वान्सा म्हणाला. "तपासणी पास होणार हे गृहीत धरून आधीच रंगवून घेतले. आता या बाईच्या तोंडावर मी काय रंगवू? साबणाची जाहिरात?"

बाईंनी एकेक फलक पाहिला. मग म्हणाल्या, "याने काही केलेलं नाही. एवढा तोटा कुणी मुद्दाम करून घेत नाही."

"मग राहिलं कोण, बाई? एनो स्वतः?"

"तू सायन्सला होतास का रे?"

"अर्थशास्त्राला."

"तरीच. नीट ऐक. कुणी बाटली बदलली असती तर प्रेकेसेचा वास गेला असता. पाणी घातलं असतं तर वास आणि कडूपणा दोन्ही सारखे उणावले असते. इथे वास जागच्या जागी आहे, आणि कडू तेवढं निवडून गेलंय. भातातले खडे निवडावेत तसं. आणि हे सगळं लाखेच्या सीलच्या आत."

"म्हणजे चोर बाहेरून आलाच नाही?"

"चोर आधीपासून आत होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला बाटलीत घालून सील केलंत."

४

प्रयोगशाळेत नमुने गाळून यंत्रात घालायचं काम सेर्वा करते. बाईंची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. तिने हात पाठीमागे बांधूनच उत्तरं दिली.

"बाटली मीच धुतली, बाई. मंगळवारी सकाळी. आणि उपडी ठेवली होती जाळीवर."

"एनोने काढा ओतला तेव्हाही जाळीवरच होती?"

"नाही. तेव्हा ओबिरीसरांच्या हातात होती. बूच लावलेली. ते स्वतः घेऊन आले त्यांच्या खोलीतून."

"मंगळवारी ओबिरी कसा होता?"

सेर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"चिडचिड करत होते. एनो भांड्यापुढे काहीतरी पुटपुटत होत्या तर म्हणाले, ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही. पण ते नेहमीच तसं म्हणतात. हात धुऊन आले होते, पुसायलाही विसरले. बाटली ओली झाली म्हणून मी लेबल दुसरं लावलं."

"हात ओले," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "शाळेतही परीक्षेच्या दिवशी हा सगळ्यांत शेवटी वर्गात यायचा. हात ओले. मला वाटायचं, हातावर उत्तरं लिहून आणतो आणि भीतीने पुसतो. बरं, शुक्रवारी काय झालं ते सांग. एकूण एक."

"विशेष काही नाही. सगळ्यांसमोर सील फोडलं, बाटली हलवली, गाळली, यंत्रात घातली. फक्त गाळायला फार वेळ लागला."

"किती?"

"एरवी इतक्या लवकर होतं की चहा प्यायलाही जागेवरून उठता येत नाही. त्या दिवशी चहा झाला, केस विंचरून झाले, आईला फोन झाला, तरी कागदातून थेंब थेंबच. कागद तुंबला होता."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तो कागद कुठे आहे?"

"टाकला, बाई. कचऱ्यात."

"शुक्रवारच्या कचऱ्यात," बाई हळू म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या. "म्हणजे गेला."

इथे मला बोलणं भाग पडलं. प्रयोगशाळेचा कचरा नेणारी गाडी फेरीमागे पैसे घेते. म्हणून पिशवी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय गाडी बोलवायची नाही, असा आदेश मी काढलेला आहे. त्या आदेशावरून सगळा कर्मचारीवर्ग माझ्याशी महिनोन्‌महिने तुटक वागतोय.

"पिशवी अजून अर्धीच भरलीय," मी म्हणालो.

सेर्वाने ती जमिनीवर उपडी केली. केळीची सालं, हातमोजे, पुन्हा हातमोजे. आणि मग घडी घातलेला गाळण्याचा कागद. सेर्वाने तो उघडला. आत मुळांचा तपकिरी चुरा असायचा. तिथे पिवळट पांढरा, लोण्यासारखा गुळगुळीत चिखल होता.

"अतिनील दिवा लाव," बाई म्हणाल्या.

सेर्वाने पडदे ओढले आणि दिवा लावला. त्या घाणेरड्या कागदावरचा चिखल काजव्यांनी भरल्यासारखा पिवळा चमकू लागला.

"सापडलं. निबिमाचं कडू या उजेडात असंच चमकतं," बाई म्हणाल्या. "आता अल्कोहोलमध्ये थोडं आम्ल घालून त्यात हा चिखल धू. जे निघेल ते यंत्रात घाल. आणि ओबिरीला यातलं काही कळू देऊ नकोस."

५

सोमवारी दरबार भरला. राणीमाता बसली, तिच्या प्रवक्त्याने पूर्वजांना मद्याची धार सोडली, आणि डॉ. ओबिरींनी आलेख वाचून दाखवला. त्यांना आनंद होत नव्हता, एवढं मान्य करायला हवं. फसवल्या गेलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"दोन वर्षं मी या औषधाच्या मागे आहे," ते म्हणाले. "माझा विश्वास नव्हता, तरी मी तपासलं. विश्वास बसला. आणि मग यांनी हे केलं."

एनो काळं वस्त्र नेसून आली होती. आमच्याकडे काळं मयताला नेसतात. ओपुनी तिच्यामागे उभा होता. ती त्याच्याशी अजून बोलत नव्हती.

एसिलफीबाई पुढे झाल्या. त्यांनी एनोच्या भांड्यातला ताजा काढा एका काचेच्या ग्लासात ओतला आणि प्रवक्त्याला दिला.

"चाखा."

प्रवक्त्याने चाखला. सोन्याची मूठ असलेली काठी त्याच्या हातातून जवळजवळ सुटली.

"कसं आहे?"

"माझ्या पहिल्या लग्नासारखं," प्रवक्ता म्हणाला. दरबार हसला. राणीमाता हसली नाही, पण तिने पंखा तोंडाशी नेला.

मग बाई राणीमातेच्या आसनाशी गेल्या. तिथे पितळी ताटलीत पांढऱ्या मातीचे खडे ठेवलेले असतात. खटला जिंकणाऱ्याच्या दंडाला ती माती फासतात. निर्दोष माणसाची खूण. बाईंनी परवानगी मागून एक खडा उचलला, कुस्करून ग्लासात टाकला, वर तळवा ठेवून ग्लास हलवला आणि खाली ठेवला.

"आता थांबायचं," त्या म्हणाल्या.

दरबाराला थांबायची सवय असते. कुणी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या. क्वान्साने शेजाऱ्याला आपलं कार्ड दिलं. हळूहळू माती तळाशी बसली आणि वरचा पिवळा काढा फिकट होत गेला.

बाईंनी वरचं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं. प्रवक्त्याने या वेळी दोन्ही डोळे मिटून घोट घेतला. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

"कडू नाही," तो म्हणाला. "शेंगेचा वास आहे. पण कडू नाही."

दरबारात कुजबुज उठली.

"निबिमाचं कडू द्रव्य या मातीला चिकटतं," बाई म्हणाल्या. "वास चिकटत नाही, कडू तेवढं चिकटतं. सील केलेल्या बाटलीत ही माती होती. तीन दिवस तिने शांतपणे सगळं औषध आपल्याकडे ओढून घेतलं. शुक्रवारी आपण माती गाळून फेकली आणि पाणी तपासलं. सेर्वा."

सेर्वाने नवा आलेख उघडला. सुळका कागदाच्या वरच्या कडेला टेकला होता.

"हे कचऱ्यातल्या चिखलातून निघालं, राणीमाते. एनोचं औषध पुरेपूर होतं. एनोने दिलेलं सगळंच्या सगळं आम्ही कचऱ्याच्या पिशवीत ठेवलं होतं."

राणीमातेने पंखा मिटला. "माती कुणी घातली?"

बाई वळल्या. "ओबिरी, उभा राहा."

डॉ. ओबिरी उभेच होते. तरी ते आणखी उभे राहिले.

"धुतलेली बाटली जाळीवरून तुझ्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिला बूच होतं आणि तुझे हात ओले होते."

मागून कुणीतरी म्हणालं, "वैरी. त्याला वैदू नकोच होते." एनोने डोळे बारीक केले. ओपुनीने बाह्या वर सारल्या.

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "याला वैर करायचं असतं तर दोन वर्षं कष्ट कशाला करेल? ओबिरी, शाळेत परीक्षेच्या दिवशी तू नळावर काय धुवायचास? मी इतकी वर्षं तुझ्यावर कॉपीचा संशय घेतलाय. आज सांग, म्हणजे मलाही माफी मागता येईल."

डॉ. ओबिरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. परदेशात शिकलेला, देशात सूट घालून फिरणारा माणूस. त्यांनी टाय सैल केला.

"आई मनगटाला पांढरी माती लावायची," ते म्हणाले. आवाज इतका हळू की प्रवक्त्याने तो मोठ्याने पुन्हा सांगितला; त्याचं कामच ते. "परीक्षेत यश यावं म्हणून. वर्गात मुलं हसतील म्हणून मी ती नळावर धुवायचो. पण लावल्याशिवाय कधी गेलो नाही. पदवीला, मुलाखतीला, लग्नाला."

"लग्नाला," प्रवक्त्याने पुन्हा सांगितलं.

"मंगळवारी मोठा दिवस होता. यांचा आणि माझाही. मला वाटलं, बाटलीलाही थोडी लावावी."

"थोडी?" बाई म्हणाल्या.

"आत टाकली. खडाच टाकला. निकाल महत्त्वाचा होता ना, बाई."

"आणि माती अशी द्रव्यं ओढून घेते, हे तुला माहीत नाही? मी शिकवलंय."

"माहीत आहे. मी त्यावर प्रबंध तपासलेत." ते खरोखर गोंधळलेले दिसत होते. "पण ही माती त्या मातीत मोडते, हे कधी डोक्यातच आलं नाही. ती रसायनशास्त्रातली होती. ही आईची होती."

त्या दरबारात असा एकही शिकलेला माणूस नव्हता, ज्याच्या घरात हे दोन कप्पे वेगळे नव्हते. मी माझ्या खिशातल्या वस्तूवर हात ठेवला. ती काय आहे हे इथे सांगायची गरज नाही.

मग एक आवाज आला. आधी मला वाटलं कुणाला ठसका लागला. एनो हसत होती. काळ्या वस्त्राचा पदर तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "माती अंगाला लावतात. पोटात घालतात त्या गरोदर बायका. तू बाटलीला डोहाळे लावलेस."

त्यानंतर दरबार आवरणं प्रवक्त्याला जमलं नाही.

६

निकाल राणीमातेने उभ्याने दिला. एनोचं औषध खरं, नाव निष्कलंक, तपासणी पास. डॉ. ओबिरींना दंड एक मेंढी. ती त्यांनी इतक्या आनंदाने कबूल केली की राणीमातेला कमी सांगितल्यासारखं वाटलं.

बाईंनी डॉ. ओबिरींकडे पाहिलं. "कॉपीबद्दल माझं चुकलं."

"बाई, एकदा केली होती," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे."

खरी गंमत सेर्वाच्या लक्षात आली. काढ्यातून औषध स्वच्छ वेगळं कसं काढावं यासाठी आम्ही दोन वर्षं महागडी द्रावणं ओतत होतो. ते काम फ्रीजमध्ये बसल्या बसल्या एका खड्याने करून ठेवलं होतं. आता ती पद्धत आमच्या प्रयोगशाळेत रोज वापरतात. एनो तिला 'ओबिरीचे डोहाळे' म्हणते. डॉ. ओबिरींच्या शोधनिबंधात मातीचं नाव 'स्थानिक शोषक खनिज' असं आहे, आणि लेखकांच्या यादीत पहिलं नाव बोआचेवा आहे. बाटल्या मी आता विकत आणतो.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी एनोने अंगावरचं काळं वस्त्र उतरवून ओपुनीच्या तोंडावर फेकलं. "धर. आणि ती मोटारसायकल आधी परत कर. माझं औषध विकायचं तर मी विकीन, भाव करून," ती म्हणाली. ओपुनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुन्हा शिव्या देत होती. क्वान्सा तिच्याकडे वाकून काहीतरी सांगत होता, बहुतेक फलकांबद्दल.

आत तिचं वस्त्र पांढरंच होतं. घरून निघतानाच नेसलेलं.

राणीमातेने ताटली उचलली आणि तिच्या दोन्ही दंडांवर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढले. ढोल सुरू झाले. एनो हात उंचावून दरबाराच्या मधोमध आली. बायकांनी मुठी भरभरून माती आणि पावडर उधळली. आमचे केस, टाय, काठ्या, फलकासाठी आणलेला फोटोवाला, सगळं पांढरं झालं. डॉ. ओबिरींनी सर्वांदेखत मनगट पुढे केलं, आणि एनोने त्यावर बोटभर पट्टा ओढला. त्यांनी तो धुतला नाही.

मग हवेत उठलेला तो पांढरा ढग हळूहळू काढ्याच्या भांड्याकडे सरकू लागला, तसे एनो, बाई, सेर्वा आणि उपसंचालक असे चौघेही नाचता नाचता एकदम धावले आणि चौघांनी मिळून भांड्यावर तळवे ठेवले.